प्रभागातला पाण्याचा सर्व्हे: नमुना आणि प्रश्न कुठे झुकलेत, हे आधीच कसं ओळखायचं?

नळ_आले_का

पूर्व नागपुरातल्या एका प्रभागात नळाच्या पाण्याबद्दल सर्व्हे करायचा आहे. निष्कर्ष झोन ऑफिसात द्यायचे आहेत. "तुम्ही तक्रारवालेच गोळा करून आणले" असं म्हणून कोणी कागद बाजूला सारू नये, एवढीच इच्छा आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख ५ हजार होती. २०१७ च्या ३८ प्रभागांत ती सरासरीने वाटली तर एका प्रभागाला ६३ हजार माणसं येतात. म्हणून साधारण १४ हजार कुटुंबं धरली आहेत.

सध्याचा आराखडा असा: एकूण ४०० फॉर्म. त्यातले २५० गुगल फॉर्मवर, लेआउटच्या आणि फ्लॅट स्कीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून. उरलेले १५० प्रत्यक्ष विचारून, आठवडी बाजारात आणि बगिच्याच्या गेटवर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी १० ते १.

प्रश्न:
१) अनियमित पाणीपुरवठ्यामुळे तुम्हाला किती त्रास होतो? (खूप / बराच / थोडा)
२) नळाच्या पाण्याचा दाब आणि शुद्धता समाधानकारक आहे का? (होय / नाही)
३) शहराच्या विकासासाठी मीटर बसवून २४ तास पाणी देण्याच्या योजनेला तुमचा पाठिंबा आहे का?
४) गेल्या वर्षभरात किती दिवस नळ आले नाहीत?
५) तुम्ही नळाला टिल्लू पंप लावता का?
६) पाण्याचं बिल वेळेवर भरता का?

चाचणीचे ६० फॉर्म आले, त्यात ४७ जणांनी पहिल्या प्रश्नाला "खूप" म्हटलं, म्हणजे ७८ टक्के. ४०० झाले की चूक फक्त ±५ टक्के राहते, असं वाचलं आहे. मग एवढ्यावर भागेल का? नसेल तर नेमकं कुठे झुकतंय ते दाखवा.

---

सदरचा_नकाशा

भाऊ, आधी त्या ४०० चं भूत उतरवा. ±५ चं गणित खरं आहे: ०.२५ भागिले ४००, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९६, उत्तर ०.०४९. पण हे गणित फक्त नशिबाचा हिशेब करतं. प्रत्येक कुटुंबाला निवडलं जाण्याची ठरलेली संधी होती आणि तरी योगायोगाने थोडी वेगळी घरं आली, तर आकडा किती हलेल, एवढंच ते सांगतं. ज्याला संधीच नव्हती त्याच्याबद्दल हे सूत्र मुकं आहे. नमुना वाढवला की नशिबाचा वाटा कमी होतो, झुकाव होता तिथेच राहतो. फक्त तो जास्त खात्रीने बोलायला लागतो.

याचं सगळ्यात घासलेलं उदाहरण १९३६ चं, पण ते घासलं गेलं ते उगाच नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २३ लाखांवर परत आल्या, आणि लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात समोरच्या रूझवेल्टना ६० टक्क्यांवर मतं पडली. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला होता. पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदीतून घेतले, ही अर्धी गोष्ट सगळ्यांना पाठ असते. उरलेली अर्धी अशी की पत्रिका मिळालेल्यांतही ज्यांनी परत पाठवली ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. तुमच्या गुगल फॉर्मला हे दोन्ही आजार एकाच वेळी आहेत.

झुकाव ओळखायची माझी पद्धत साधी आहे. कागदावर तीन आकडे मांडा: ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते किती (१४ हजार कुटुंबं), त्यातले यादीत किती येतात, यादीतल्यांपैकी हाताला किती लागतात. दर पायरीला जे गळाले त्यांचं पाणी उरलेल्यांसारखंच आहे का, हे विचारा. तुमच्याकडे:

व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घरमालक असतात, भाडेकरू बहुतेक नसतात. फ्लॅट स्कीमला जमिनीखाली टाकी आणि बोअर असते, म्हणून नळ अर्धा तास आले काय नि दोन तास आले काय, वरच्या मजल्यावर कळतही नाही. झोपडपट्टीत सार्वजनिक नळावर किंवा टँकरवर असलेल्यांचा असा ग्रुप बहुधा नसतोच. शिवाय एका घरातून तीन फॉर्म येऊ शकतात, आणि ज्याला कालच त्रास झाला तो आधी भरतो. म्हणजे एक झुकाव समाधानाकडे, दुसरा तक्रारीकडे. दोन्ही एकमेकांना खोडून काढतील या भरवशावर राहू नका.

बाजार आणि बगिच्याचं तर विचारूच नका. १० ते १ मध्ये एप्रिलच्या उन्हात बगिच्याच्या गेटवर कोण उभं राहतं? आणि ज्या गल्लीत नळ अकराला येतात तिथली पाणी भरणारी बाई त्या वेळी हंडा-बादली घेऊन घरीच असणार. जिचं उत्तर सगळ्यात जास्त हवं, तीच ठरवून वगळली जाते.

आता यादी कुठून आणायची. घरटॅक्सच्या यादीत मालक असतात. नळजोडणीच्या यादीत ज्याला नळच नाही तो नसतो, म्हणजे प्रश्नच गायब. मतदार यादीत १८ वर्षांवरचे नोंदणी केलेले असतात, त्यात गेलेले-वारलेले लोक राहतात, आणि ज्यांचं मत अजून भंडारा, गोंदिया किंवा बालाघाटला आहे ते भाडेकरू नसतात. तिन्ही याद्या एकाच माणसाला विसरतात. म्हणून यादी माणसांची न करता जागेची करा:

उपग्रह नकाशावर प्रभागाचे साधारण १०० घरांचे तुकडे पाडा. १४ हजार कुटुंबांचे १४० तुकडे होतील. सीमा डोळ्यांना दिसणाऱ्या हव्यात: रस्ता, नाला, रेल्वेची भिंत. हद्दीबाहेरच्या म्हणून सोडल्या जाणाऱ्या नव्या लेआउटलासुद्धा कुठल्यातरी तुकड्यात घाला. तुकड्यांना वायव्य कोपऱ्यातून नागमोडी क्रमांक द्या, म्हणजे शेजारचे तुकडे शेजारच्या क्रमांकावर येतील. ४० तुकडे हवेत, तर १४० भागिले ४०, अंतर ३.५. शून्य आणि ३.५ च्या मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा २.१. मग २.१, ५.६, ९.१ असं पुढे जात प्रत्येक वेळी वरचा पूर्णांक घ्या: तुकडा ३, ६, १०.

निवडलेल्या प्रत्येक तुकड्यात आधी फक्त यादी करायची, मुलाखत नाही. प्रत्येक चूल एक कुटुंब. एका घरात दोन भाऊ वेगळं रांधत असतील तर दोन. वरच्या खोल्यांत पोरं भाड्याने राहून डबा खात असतील तर खोलीगणिक एक कुटुंब, हा नियम आधीच लिहून ठेवा. मग १ ते १० मधला एक आकडा काढून दर दहावं कुटुंब. तुकड्यात १३० कुटुंबं निघाली तर १३ घ्या, ७० निघाली तर ७. अंतर १० च ठेवा, संख्या हलू द्या. हटकून सगळीकडून १० च घेतलीत तर दाट वस्तीतल्या कुटुंबाची संधी कमी होते, आणि ते नंतर वजनांनी (म्हणजे कमी आलेल्यांचं उत्तर जास्त पटीने मोजून) दुरुस्त करत बसावं लागतं.

४० तुकडे काहून, २० का नाही? एकाच लाइनवरच्या घरांना पाणी सारखंच येतं. शेजाऱ्याला विचारून नवीन काही कळत नाही. हे साम्य ० ते १ मध्ये मोजतात. नमुन्याचा फुगवटा म्हणजे १ अधिक (दर तुकड्यातली घरं उणे १) गुणिले ते साम्य. पाण्यासाठी साम्य ०.२ धरलं, जे अजिबात जास्त नाही, तर २० तुकडे × २० घरं यात फुगवटा ४.८ येतो. ४०० ला त्याने भागलं की कळतं, तुमचे ४०० प्रत्यक्षात ८३ जणांइतकेच कामाचे, आणि चूक ±१०.७. तेच ४० × १० केलं तर फुगवटा २.८, कामाचे १४३, चूक ±८.२. ५० × ८ केलं तर ±७.६. पायपीट वाढते, त्यामुळे ४० वर थांबा. पण अहवालात ±५ लिहू नका.

---

गुगल_फॉर्म_समर्थक

एवढी पायपीट कशाला? फॉर्म येऊ द्या, नंतर प्रभागातल्या खऱ्या प्रमाणाप्रमाणे वजनं लावून टाका. मोठमोठे सर्व्हेसुद्धा वजनं लावतात.

---

सदरचा_नकाशा

लावतात, पण कशावर लावतात ते बघा. समजा २५० फॉर्ममध्ये २०० फ्लॅटचे, ४० बैठ्या घरांचे, १० झोपडपट्टीचे आले, आणि प्रभागात प्रमाण ४५, ३५, २० टक्के आहे. वजनं येतील ०.५६, २.१९ आणि ५. झोपडपट्टीतली दहा माणसं मिळून पाचवा हिस्सा उचलणार. वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज केली की हाती येतात १२४. अर्धा नमुना वजनातच गेला.

आणि हा तोटा तर दिसणारा. न दिसणारा असा की झोपडपट्टीतले जे दहा जण लेआउटच्या ग्रुपमध्ये आहेत, ते तिथल्या बाकीच्यांसारखे नाहीत. कदाचित त्यांच्याकडे स्वतःची जोडणी आहे म्हणूनच ते ग्रुपमध्ये आहेत. वजन म्हणजे त्याच दहा जणांना पाचपट मोठ्याने बोलायला लावणं. जो गटात आलाच नाही त्याचा आवाज त्यातून निघत नाही.

---

महालची_मास्तरीण

नमुन्याचं सदरभाऊंनी सांगितलं, मी प्रश्नांकडे येते. माझ्या मते तुमचा जास्त घोळ इथेच आहे.

प्रश्न १. पाणीपुरवठा अनियमित आहे, त्याचा त्रास होतो, हे दोन्ही तुम्हीच सांगून टाकलंत. आणि पर्यायांत "काहीच नाही" हा पर्यायच नाही. तीनपैकी तिन्ही उत्तरं त्रासाची. त्यामुळे ते ७८ टक्के पाण्याबद्दल काही सांगत नाहीत, ते तुमच्या कागदाबद्दल सांगतात. फेकून द्या, त्यांची तुलनाही पुढे करू नका.

एक परीक्षा लावा: फॉर्म घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, "हा फॉर्म काढणाऱ्याला काय उत्तर हवंय?" बरोबर ओळखता आलं तर प्रश्न झुकलेला आहे. पैसा लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

मतं विचारण्याआधी घटना विचारा. "काल नळ आले होते का? किती वाजता? किती वाजेपर्यंत?" याला कोणाचा पक्ष नसतो. "नियमित" हा शब्द तर काढूनच टाका. एक दिवसाआड बरोबर सहाला पाणी येणाऱ्या गल्लीत लोक "नियमित आहे" म्हणतात, आणि रोज येऊन वेळ बदलणाऱ्या गल्लीत "अनियमित". तुम्ही दोन्ही एकाच रकान्यात टाकणार.

प्रश्न २. दाब आणि शुद्धता हे दोन प्रश्न. दाब चांगला पण पाणी गढूळ असलेला माणूस काय सांगेल? "आणि", "किंवा", "तसेच" असलेला प्रत्येक प्रश्न लाल पेनाने गोल करा.

प्रश्न ३. "शहराच्या विकासासाठी" म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आणि २४ तास पाणी सांगितलं, बिल वापराप्रमाणे येईल हे सांगितलं नाही. शब्दाने किती फरक पडतो याचा जुना दाखला १९४१ चा आहे. डोनाल्ड रग या अभ्यासकाने अमेरिकेत लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल दोन सारख्या गटांना विचारलं. "परवानगी द्यावी का?" याला ६२ टक्के नाही म्हणाले. "बंदी घालावी का?" याला होय म्हणणारे फक्त ४६ टक्के. परवानगी न देणं म्हणजे बंदीच, तरी १६ टक्क्यांचा फरक. मराठीत "बंद करावी", "चालू ठेवू नये" यांचं असंच होईल. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे दोन नमुने काढा, अ आणि ब, आणि दर दुसऱ्या कुटुंबाला ब विचारा. दोन्हींत साधारण सारखं उत्तर आलं तरच त्या मतावर एक आकडा छापा. नाहीतर दोन्ही छापा, प्रश्नासकट.

आणि "पाठिंबा आहे का" असं होय-नाहीत विचारू नका. दारात आलेल्या पाहुण्याला होय म्हणायची आपल्याकडे रीत आहे, सर्व्हेवाला पाहुणाच. दोन बाजू समोर ठेवा: "काहींना वाटतं मीटर लावून वापराप्रमाणे बिल यावं, काहींना वाटतं ठरावीक रक्कम असावी. तुम्हाला काय बरं वाटतं?" तिसरा पर्याय "अजून ठरवलं नाही" हा छापा, पण तोंडाने सुचवायचा नाही.

प्रश्न ४. वर्षभरातले कोरडे दिवस कोणी मोजत नाही. लोक अंदाजाने १०, १५, ३० सांगतील. आलेल्या उत्तरांत शेवटचा अंक ० किंवा ५ किती वेळा येतो ते मोजा. पाचपैकी एकाच्या आसपास यायला हवा, निम्म्याहून जास्त आला तर आठवण नव्हे, अंदाज आहे. आठवणीचा काळ बदलला की आकडा बदलतो, हे घरखर्चाची माहिती घेणाऱ्या आपल्या सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीनेच सोसलं आहे. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खाण्याच्या खर्चाला ७ दिवस आणि ३० दिवस दोन्ही रकाने एकाच फॉर्मवर ठेवले, आणि गरिबीचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी जोडता येतात की नाही यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. तुम्ही गेल्या ७ दिवसांचं विचारा, दिवसावार. मोठा काळ हवाच असेल तर खुंटी द्या, म्हणजे सगळ्यांना आठवणारा एक दिवस: एप्रिलमध्ये "होळीपासून", रामनवमी होऊन गेली असेल तर "शोभायात्रेपासून". हाच सर्व्हे सप्टेंबरात केला तर "मारबतीपासून" (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची आपली मिरवणूक). खुंटी नसली की जुना मोठा त्रास लोक अलीकडे ओढतात.

प्रश्न ५. टिल्लू पंप नळाला लावणं नियमात बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरळ विचारलं तर "छे, आपल्याकडे नाही". इथे नाणं वापरता येतं. विचारणाऱ्याने पाठ फिरवायची, घरच्याने नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो "होय" म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. विचारणाऱ्याला कळतच नाही की हे होय नाण्याचं की पंपाचं. ४०० पैकी २६० होय आले, म्हणजे ६५ टक्के. त्यातून नाण्याचे ५० वजा करा, उरले १५, त्याची दुप्पट ३०. म्हणजे ३० टक्के घरांत पंप. किंमत अशी की नुसत्या नशिबाची चूक सुमारे ±९ होते, तुकड्यांचा फुगवटा वर वेगळा. ज्या पोरांना हे दोन वाक्यांत समजावता येत नाही त्यांच्या हातात देऊ नका. सरळ विचारण्यापेक्षा वाईट निकाल येईल.

प्रश्न ६ शेवटी न्या, आणि "वेळेवर भरता का" ऐवजी "शेवटचं बिल कधीचं आलं, ते भरणं झालं का?" असं विचारा.

क्रमाचंही बघा. त्रासाचे चार प्रश्न विचारून मग योजनेला पाठिंबा विचारला तर पाठिंबा फुगणारच. १९४८ मध्ये अमेरिकेत विचारलं होतं की कम्युनिस्ट देशांच्या बातमीदारांना अमेरिकेत येऊन हवं तसं वार्तांकन करू द्यावं का. हा प्रश्न आधी विचारला तर ३६ टक्के होय. अमेरिकन बातमीदारांना रशियात करू द्यावं का, हे आधी विचारलं की तोच आकडा ७३. शब्द एकही बदलला नव्हता.

शेवटचं, हिंदी. आपल्या गावात निम्मा सर्व्हे हिंदीत होईल हे धरूनच चाला. मुलाखतीत पोरांनी मनाने भाषांतर केलं की एक जण "टंचाई" ला "किल्लत" म्हणेल, दुसरा "परेशानी", आणि प्रश्न तीन झाले. हिंदी फॉर्म वेगळा छापा, तो दुसऱ्याच माणसाकडून परत मराठीत करून घ्या, आणि मूळ मराठीशी ताडून बघा.

---

बर्डीवरचा

"ठीक आहे" चं काय करायचं ते पण ठरवा बाप्पा. "पाणी कसं येतं?" विचारलं की अर्धे लोक म्हणतात "चालून राहिलं". एक पोरगा त्याला समाधानी लिहितो, दुसरा असमाधानी. दोन पोरांच्या आकड्यांत फरक पडतो तो पाण्याचा नाही, कानाचा.

---

फील्ड_सुपरवायझर

बर्डीवरच्या भाऊंनी एका ओळीत नेमकं पकडलं. त्यावर जुना इलाज आहे, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचा. नमुना आधीच दोन समान, रँडम अर्ध्यांत वाटायचा, आणि प्रत्येक अर्धा वेगळ्या टीमला द्यायचा. इथे ४० तुकडे २०-२० वाटा, तेही एकाआड एक, म्हणजे दोन्ही टीम सगळ्या भागात फिरतील. दोन्हींचे आकडे नशिबाच्या मर्यादेपलीकडे वेगळे निघाले तर दोष विचारणाऱ्यांत आहे. याला जादा पैसा लागत नाही, म्हणून कोणी करत नाही हे मला कळतच नाही.

"चालून राहिलं" साठी नियम: पर्याय वाचून दाखवायचे, उत्तराचा अर्थ लावायचा नाही, तरी तेच म्हटलं तर जसंच्या तसं लिहायचं. उत्तर कोणत्या रकान्यात जातं तो कोड रात्री एकाच माणसाने टाकायचा.

बंद दार. इथे सगळ्यांत जास्त सर्व्हे वाया जातात. दार बंद दिसलं की पोरं शेजारचं घर घेतात. बंद दारामागे दोघंही कामावर जाणारं कुटुंब असतं, उघड्या दारामागे म्हातारे किंवा घरी असणारे. शेजारी बदलून चालत नाही. तीन खेपा करायच्या: एक सकाळी ८ च्या आत, एक संध्याकाळी ६ नंतर, एक रविवारी. तीनदा नाही मिळालं तर "मिळालं नाही" लिहायचं, आणि ते मोजायचं.

मोजून काय करायचं? समजा ४०० निवडले, २२० नी उत्तर दिलं, त्यात १३२ समाधानी. तुम्ही छापणार ६० टक्के. न मिळालेले १८० सगळे असमाधानी असतील तर खरा आकडा ३३ टक्के, सगळे समाधानी असतील तर ७८. खरं कुठेतरी मधे. पहिल्या खेपेत मिळालेल्यांचा आणि तिसऱ्या खेपेत मिळालेल्यांचा आकडा वेगळा काढून बघा. दर खेपेला तो एकाच दिशेने सरकत असेल तर न मिळालेले त्या दिशेला आणखी पुढे आहेत असं धरायला हरकत नाही.

घरात कोणाला विचारायचं? पाणी कधी येतं, किती येतं, हे पाणी भरणाऱ्याला. नाहीतर दारात पुरुष येतो आणि "येते बरोबर" सांगून मोकळा होतो. मत विचारायचं असेल तर मात्र घरातल्या प्रौढांतून रँडम. त्यासाठी "ज्याचा वाढदिवस आधी येतो तो" ही पद्धत पुस्तकात असते. आपल्याकडे ती फसते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख असलेले लोक ढिगाने आहेत. मे महिन्यात सर्व्हे केला तर प्रत्येक घरात तेच निवडले जातील. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किशचा १९४९ चा तक्ता वापरा: घरातले प्रौढ वयाप्रमाणे लिहायचे, फॉर्मवर आधीच छापलेल्या तक्त्यात बघून कितवा ते घ्यायचं. विचारणाऱ्याला निवडायला जागाच ठेवायची नाही.

जागा ठेवली की काय होतं ते शेतीच्या आकड्यांत सिद्ध झालेलं आहे. पीक कापणीच्या प्रयोगांवरून (शेतातला छोटा तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढतात ते) संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवलं की कापणीचा तुकडा फार छोटा घेतला तर उत्पन्न फुगतं, कारण हद्दीवरची रोपं आत धरली जातात. तुकडा लहान असला की हद्दीचा वाटा मोठा. इथेही तेच: तुकड्याच्या कडेची, रस्त्यावरची घरं यादीत हमखास येतात, आणि गल्लीच्या मागे, दुसऱ्या घराच्या अंगणातून वाट असलेली खोली सुटते. यादी करणारा आणि मुलाखत घेणारा वेगळा ठेवा. ४० पैकी ४ तुकड्यांची यादी तिसऱ्याकडून पुन्हा करून घ्या आणि किती घरं वाढली ते बघा.

खोटे फॉर्म. टपरीवर बसून भरलेले फॉर्म ओळखायला सोपे असतात. सुरुवात-शेवटची वेळ लिहायला लावा: १२ मिनिटांचा फॉर्म ४ मिनिटांत झाला, किंवा तासात नऊ झाले, तर बाजूला काढा. एकाच पोराच्या फॉर्ममध्ये "इतर" रकाना कायम रिकामा, "माहीत नाही" एकही नाही, हीसुद्धा खूण. दहा टक्के, म्हणजे ४० घरांना फोन किंवा परत भेट, फक्त तीन प्रश्न: कोणी आलं होतं का, घरात माणसं किती, नळ किती वाजता येतात.

आणि सोबत कोण येतंय ते बघा. परिसरातला कार्यकर्ता "मी घरं दाखवतो" म्हणून बरोबर आला की त्या गल्लीचा फॉर्म त्याचा झाला. ओळखीचं वाक्यसुद्धा छापून द्या: "पाण्याबद्दल घरोघर माहिती घेतोय." "पाणीटंचाईविरुद्ध सर्व्हे करतोय" म्हटलं की पहिल्या प्रश्नाआधीच उत्तर ठरलं.

---

नळ_आले_का

सगळ्यांचे आभार. गुगल फॉर्म रद्द. प्रश्न १ च्या जागी काल आणि गेल्या ७ दिवसांचा तक्ता, २ चे दोन केले, ३ चे अ-ब नमुने, ५ ला नाणं. दोन शंका उरल्या.

एक: एप्रिलच करायचा की पावसाळ्यात? दोन: दाब हा लोकांना विचारण्यापेक्षा मोजता येईल का?

---

सदरचा_नकाशा

एप्रिल-मे मध्ये घरोघरी कूलर लागतात, मागणी चढते. त्या वेळचा आकडा "नागपुरात पाणी असं येतं" म्हणून छापला तर तो उन्हाळ्याचा आकडा वर्षभराचा म्हणून खपवल्यासारखं होईल. ऑगस्टात केला तर उलट. दोनदा करायची ताकद नसेल तर एकदाच करा, पण शीर्षकातच "एप्रिलचा" लिहा. ताकद असेल तर तेच ४० तुकडे, दोन्ही वेळा नव्याने काढलेली कुटुंबं. आणखी एक: उन्हाळ्याच्या सुट्या लागायच्या आत उरका. मे मध्ये माहेरी-गावी गेलेली घरं बंद मिळतील, आणि घर बंद करून जाणारे कोण असतात तेही सारखं नसतं.

---

फील्ड_सुपरवायझर

दाब मोजता येतो, साधाच. सगळ्या टीमला एकाच मापाची १० लिटरची बादली द्या, आत १० लिटरवर रंगाची रेघ. दुकानातल्या बादलीवर लिहिलेल्या मापावर विसंबू नका, लिटरच्या मापाने भरून रेघ मारा. टाकीत जाण्याआधीचा, थेट लाइनवरचा सगळ्यात खालचा नळ घ्या, घरातले बाकीचे नळ बंद, पंप बंद. रेघेपर्यंत किती सेकंद लागले ते मोबाइलच्या घड्याळावर, दोनदा, दोन्ही आकडे लिहायचे, सरासरी पोरांनी काढायची नाही.

हे नळ आलेले असतानाच होतं, म्हणून ४०० घरांत जमणार नाही. दर चौथ्या निवडलेल्या कुटुंबात करा, म्हणजे १००, आणि त्या गल्लीची नळाची वेळ यादी करतानाच विचारून ठेवा. पहाटे साडेचारला नळ येणाऱ्या गल्ल्या टाळायच्या नाहीत. तिथे कोण जाणार ते सर्व्हे सुरू व्हायच्या आधी ठरवा, नाहीतर त्या गल्ल्या आपोआप "मिळालं नाही" त जातात.